केबलपासून फॅमिली पॅकपर्यंत: आमची वाटचाल

अंबाजोगाईत आमच्या केबलची सुरुवात थोरल्या भावानं केली, नव्वदच्या दशकात. गच्चीवर डिश, खालच्या खोलीत चॅनेल केबलवर सोडणाऱ्या यंत्रांची, म्हणजे मॉड्युलेटरची रांग, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन गल्लोगल्ली वसुली. आज त्याच फर्मकडं केबल आहे, फायबर इंटरनेट आहे, आजूबाजूच्या गावांतही आमची लाइन गेली आहे. खांब, परवाने आणि बँकेचं कर्ज यांवर लिहायला बसलो तर त्यातच पानं भरतील. ते थोडक्यात आटोपतो, कारण मला मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. सगळ्या घरानं मिळून बघावं असं ओटीटी ॲप लोक आनंदानं घेतात आणि थोड्याच महिन्यांत सोडून देतात. असं ॲप आपल्याकडं टिकावं, मराठीत टिकावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. म्हणूनच ते का टिकत नाही हे मी इतकी वर्षं बारकाईनं बघत आलोय.

ॲनालॉग केबल बंद करायची आमच्याकडची मुदत २०१७ च्या सुरुवातीची होती. घरोघरी सेट टॉप बॉक्स बसवले. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर आले: पहिल्या १०० चॅनेलना १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यापुढं पैशाचं चॅनेल ज्याचं त्यानं निवडायचं. तोवर सगळं एका रकमेत मिळायचं. आता घरातला कर्ता माणूस काउंटरवर फॉर्म घेऊन उभा राहायचा आणि घरी फोन लावायचा. आईची मालिका जाता कामा नये. क्रिकेट राहू द्या. लेकरांचं कार्टून? “ते काढा सध्या, परीक्षा जवळ आलीय.” कार्टूनची बरीच चॅनेल मालिकांच्या मोठ्या चॅनेलपेक्षा स्वस्त होती, तरी पहिली काट त्यांच्यावरच बसायची. पुढं ओटीटीत जे घडलं ते मला त्या फॉर्मवर आधीच दिसत होतं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये दोन गोष्टी घडल्या. शाळा मोबाईलवर आली, त्यामुळं इंटरनेटची मागणी एकदम वाढली आणि आम्ही फायबर ओढायला घेतली. दुसरी गोष्ट दूरदर्शनची. २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात झाली, सकाळी ९ आणि रात्री ९. तीन पिढ्या एका टीव्हीसमोर बसलेल्या मी घरोघरी बघितल्या. एकत्र बसून बघायची हौस लोकांची गेलेली नाही, याबद्दल तेव्हापासून माझ्या मनात शंका नाही. पण तिथं वेळ ठरलेली होती, पैसे लागत नव्हते आणि सगळी माणसं घरात होती.

फायबरसोबत आम्ही ओटीटीचे पॅक द्यायला लागलो. त्यातला एक खास फॅमिलीचा: बालचित्रपट, गोष्टी, पौराणिक मालिका, जुने मराठी सिनेमे. शिवीगाळ नाही, नको ती दृश्यं नाहीत. विकायला हा सगळ्यांत सोपा. “लेकरांसमोर लावता येईल ना?” एवढंच विचारून बाप पैसे काढायचा. मुदत संपली की मात्र तोच बाप म्हणायचा, “राहू द्या भाऊ, कोण बघायलंय ते?”

आमच्या ऑफिसात सेवेची किंमत ओळखायची एक खूण आहे. ती बंद पडली की किती वेळात ओरड होते? रात्रीच्या मालिकेचं चॅनेल गेलं तर मालिका संपायच्या आत आजीबाईंचा फोन येतो. मॅचच्या दिवशी जेसीबीनं फायबर तोडली तर पोरं थेट ऑफिसच्या दारात येऊन उभी राहतात. फॅमिली पॅक संपून पंधरवडा झाला तरी घरातून चकार शब्द येत नाही. बापानं तो घेतला होता मनाच्या समाधानासाठी. रोज बघणारं, अडून बसणारं माणूस त्या घरात त्या ॲपला नव्हतंच.

परळी रोडला एका घरी ओएनयूवर, म्हणजे फायबरच्या घरातल्या डब्यावर, लाल दिवा लागला म्हणून मी स्वतः गेलो होतो. कनेक्टर बदलला, नेट आलं, खात्रीसाठी टीव्हीवर फॅमिली ॲप उघडलं. अर्धवट सोडलेला एकच बालचित्रपट समोर आला, आणि तो लावायला गेलो तर पिन मागितला. त्या घरच्या साहेबांनी कधीतरी टाकलेला पिन घरात कुणालाच आठवत नव्हता. मुलगा दारात बसून आईच्या मोबाईलवर यूट्यूब बघत होता. बाई म्हणाल्या, “दादा, टीव्हीवर लावायचं म्हटलं की काय लावायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतंय. मोबाईल दिला की लेकरू गुमान बसतंय.” २०२१ च्या आयटी नियमांनी ‘१३ अधिक’ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांचं लॉक देणं ॲपवाल्यांवर बंधनकारक केलं, ते योग्यच आहे. पण संध्याकाळी दमून आलेल्या घरात एकत्र बघण्यासाठी जो खटाटोप करावा लागतो, तो मोबाईलवरच्या फुकट व्हिडिओला करावा लागत नाही. स्पर्धा त्या फुकटशी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीनंही ‘वेव्हज’ नावाचं ॲप कौटुंबिक मनोरंजनाच्याच नावानं आणलं, आणि त्यातलं बरंचसं विनामूल्य आहे.

लेकरू मोठं होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण या धंद्याच्या हिशेबात ते कुणी धरत नाही. पाच ते दहा वर्षांचं लेकरू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघतं, त्याला नव्याची फार गरज नसते, म्हणून बापाला वाटतं की पैसे कशाचे द्यायचे. अकराव्या-बाराव्या वर्षी तेच लेकरू म्हणतं, हे बारक्या पोरांचं आहे. नववी-दहावीत टीव्हीच बंद. दहावी झाली की हुशार पोरगं नीटच्या क्लाससाठी लातूरला. आमच्याकडं कितीतरी घरं इंटरनेटचाच प्लॅन त्या वर्षी कमी करतात.

मोठ्या कंपन्यांना यातून वाट काढता येते. अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू झालं ते घरगुती, कौटुंबिक म्हणूनच. मार्च २०२२ मध्ये तिथं मार्व्हलच्या मोठ्यांसाठीच्या, मारधाडीच्या मालिका आल्या आणि त्यासोबत पालकांसाठी नवे लॉकही. आपल्याकडच्या डिस्ने प्लस हॉटस्टारचे, बाहेरचे काही देश धरून, ऑक्टोबर २०२२ मध्ये ६ कोटी १३ लाख सदस्य होते. २०२३ पासून आयपीएलचं डिजिटल प्रक्षेपण दुसरीकडं गेलं, तेही फुकट. त्याच वर्षी मार्चअखेर एचबीओच्या मालिकाही गेल्या. जुलै २०२३ मध्ये सदस्य ४ कोटींच्या आसपास उरले. डिस्नेचे बालपट तर जागेवरच होते. माझ्या मते याचा अर्थ उघड आहे: घरानं पैसे क्रिकेटसाठी भरले होते आणि लेकरांचे सिनेमे त्यासोबत आले होते. फक्त लेकरांचंच ज्याच्याकडं आहे, त्यानं कशाच्या जोरावर गिऱ्हाईक धरून ठेवायचं?

पैशाची बाजू आणखी अवघड. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी गिऱ्हाइकाला कळवावं लागतं, आणि सुरुवातीची मंजुरीही ओटीपीनं घ्यावी लागते. गिऱ्हाइकासाठी हे चांगलंच झालं. पण विसरून चालू राहणारं सबस्क्रिप्शन संपलं, आणि कौटुंबिक ॲपचे बरेच ग्राहक तसेच टिकून होते. त्यात आमचा भाग. इथं पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीची रक्कम, मिळाली की येतो, कापूस विकला की येतो. केज-धारूरकडची कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोल्हापूरकडं किंवा कर्नाटकात जातात ती उन्हाळ्यातच परततात. लेकरं आजी-आजोबांजवळ. बघायला सगळ्यांत जास्त वेळ आणि गरज त्याच घराला, आणि पैसे भरणारा माणूस उसाच्या फडात. दर महिन्याला ९९ रुपये मागणारं ॲप त्या घरात कसं टिकावं? त्या ९९ मधले साधारण १५ रुपये जीएसटीचे. गुगलच्या स्टोअरमधून घेतलं तर सबस्क्रिप्शनवर त्यांचे १५ टक्के वेगळे. उरलेल्यातून सर्व्हर, आमच्यासारख्यांचं कमिशन, आणि मग गोष्ट लिहिणारा, आवाज देणारा, चित्र काढणारा. ॲनिमेशन तर मुळातच खर्चाचं काम. ॲमेझॉनला सामान विकून पैसा मिळतो, जिओला रिचार्जमधून मिळतो. नुसतं मुलांचं ॲप चालवणाऱ्याला ती वर्गणीच सगळं काही असते.

म्हणून आम्ही आमच्या हातात होतं ते केलं. फॅमिली पॅक वर्षाचा केला आणि पैसे सोयाबीनच्या पट्टीनंतर घ्यायचे ठरवले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना आणि दहावी-बारावीच्या घरांना ‘बंद करा’च्या जागी ‘थांबवा’ हा पर्याय दिला. मुदत तिथंच गोठते, परत आले की पुढं चालू. जोडणीच्या वेळी आमच्याकडं कामाला असलेला पोरगा पिन घरातल्या दोन माणसांकडून टाकून घेतो, त्यातली एक शक्यतो आजी. आणि कंपनीची रीतसर परवानगी घेऊन पॅकमधला एक भाग दर रविवारी सकाळी ९ वाजता आमच्या लोकल चॅनेलवर दाखवतो. मागं लाइट गेली आणि तो भाग चुकला, तेव्हा ऑफिसात फोन आले. ओरड झाली! त्या दिवशी ऑफिसात जेवढा आनंद झाला तेवढा नवं कनेक्शन मिळाल्यावरही होत नाही.

ॲप बनवणाऱ्यांशी बोलताना मी आता एकच आग्रह धरतो. ‘स्वच्छ’ आणि ‘सुरक्षित’ हे शब्द विकायला पुरतात, पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक टिकवायला पुरत नाहीत. मोठा सिनेमा महिन्याला एक नको, रोजची वीस मिनिटांची गोष्ट द्या, जिचा पुढचा भाग उद्या बघावासा वाटेल. तिच्यात आजीला रस वाटावा आणि बारा वर्षांच्या पोरालाही. भाषा आमच्या लेकरांच्या कानाला परकी वाटू नये. पुण्यातल्या एका छोट्या टीमनं आठवड्याला पाच भाग द्यायचं कबूल केलंय, त्यांचे अर्धे पैसे आम्ही आगाऊ देतोय. पहिले भाग दिवाळीच्या सुट्टीत लोकल चॅनेलवर लागतील आणि वर्षाच्या पॅकची नोंदणी त्याच आठवड्यात काउंटरवर सुरू होईल.