माप कोणाचे?

बलाढ्य देश दुबळ्या देशांवर वर्चस्व कसे गाजवतात, याविषयीचे सिद्धांत वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. आर्थिक वर्चस्वाचे अभ्यासक आणि सांस्कृतिक वर्चस्वाचे अभ्यासक एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. मला मात्र दोघांच्या मांडणीत एकच प्रश्न दिसतो: दुबळ्या देशाने स्वतःला कोणत्या मापाने मोजायचे, हे ठरवतो कोण?

साम्राज्ये बाहेर का पसरतात, याचे उत्तर इंग्रज अर्थतज्ज्ञ हॉब्सनने 1902 मध्ये आणि रशियन क्रांतिकारक लेनिनने 1917 मध्ये अतिरिक्त भांडवलात, म्हणजे मायदेशात फायद्याने गुंतवता न येणाऱ्या पैशात, शोधले. परंतु दोघांचीही नजर मुख्यतः राज्यकर्त्या देशावर होती. ज्याच्या घरातून संपत्ती जाते त्याच्या बाजूने हिशेब मांडण्याचे काम दादाभाई नौरोजींनी त्यांच्याही आधी, 1867 पासून, संपत्तीच्या निःसारणाच्या सिद्धांतातून सुरू केले होते. पुढे अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेची धुरा सांभाळलेल्या राउल प्रेबिश यांनी आणि त्याच सुमारास अर्थतज्ज्ञ हान्स सिंगर यांनी असे दाखवले की, कच्चा माल विकून पक्का माल घेणाऱ्या देशाला काळाच्या ओघात तेवढ्याच आयातीसाठी अधिकाधिक माल द्यावा लागतो. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, पण त्याचे सौदे लंडन आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारांत होतात, हे लक्षात घेतले की केंद्र (श्रीमंत औद्योगिक देश) आणि परीघ (त्यांना कच्चा माल पुरवणारे देश) हे शब्द नुसते पुस्तकी राहत नाहीत.

अर्थतज्ज्ञ आंद्रे गुंडर फ्रँक याच्याही पुढे गेले आणि अविकसितपणा हा केंद्राशी असलेल्या संबंधांतूनच घडवला जातो, असे त्यांनी म्हटले. येथे मात्र दक्षिण कोरिया आडवा येतो. जागतिक व्यापारात पुरता गुंतलेला हा देश परिघावरून थेट श्रीमंतांच्या पंक्तीत जाऊन बसला, आणि समाजशास्त्रज्ञ वॉलरस्टीन यांची ‘अर्धपरीघ’ ही केंद्र आणि परीघ यांच्या मधली सोयीस्कर खोलीही त्याला फार काळ पुरली नाही.

सीएफए फ्रँकची कथा मला या सगळ्यांहून बोलकी वाटते. 1945 मध्ये फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी सुरू केलेले हे चलन बहुतेक वसाहती स्वतंत्र झाल्यावरही टिकून राहिले. त्याचा दर फ्रेंच चलनाशी बांधलेला होता आणि परकीय गंगाजळीचा मोठा हिस्सा फ्रेंच कोषागारात ठेवावा लागत असे. जानेवारी 1994 मध्ये फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत त्याचे मूल्य एकदम निम्मे करण्यात आले. निर्णय सेनेगलची राजधानी डाकारमध्ये जाहीर झाला खरा, पण त्यामागचा रेटा पॅरिसचा आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा होता.

सांस्कृतिक साम्राज्यवादाची, म्हणजे बलाढ्य देश माध्यमांतून आपली संस्कृती इतरांवर लादतात या सिद्धांताची, बाजू तुलनेने लंगडी आहे, असे मला वाटते. अमेरिकी माध्यम-अभ्यासक हर्बर्ट शिलर यांनी माध्यमांच्या मालकीचा प्रश्न नेमका मांडला, पण त्यांच्या मांडणीतला प्रेक्षक हा मातीचा गोळा आहे. तामार लिब्स आणि एलिहू कात्झ या संशोधकांनी ‘डॅलस’ ही अमेरिकी मालिका इस्राएलमधील निरनिराळ्या समाजगटांना दाखवली, तेव्हा प्रत्येक गटाने तिचा अर्थ आपापल्या परीने लावला. रशियातून आलेल्यांना तर तिच्यात छुपा प्रचारच दिसला!

म्हणून मला इटालियन मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी अधिक जवळचे वाटतात. मुसोलिनीच्या तुरुंगात लिहिलेल्या टिपणांत त्यांनी धुरीणत्वाची कल्पना विकसित केली ती प्रामुख्याने समाजातील वर्गांविषयी, पण देशांनाही ती लागू पडते: वर्चस्व स्थिरावते ते सत्ताधाऱ्याची दृष्टी इतरांना व्यवहारज्ञान वाटू लागते तेव्हा. नाणेनिधीच्या सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांना 85 टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून अधिक मते आहेत, म्हणजे तेथे तिला नकाराधिकारच आहे. रोजच्या कर्जवाटपाला तो लागू नाही, आणि त्याची गरजही सहसा पडत नाही. कर्ज मागणाऱ्या देशाचे अर्थमंत्रालय वॉशिंग्टनला काय पटेल याचा अंदाज घेऊनच आपला प्रस्ताव लिहिते, आणि तो लिहिणारे अधिकारी पुष्कळदा तेथल्याच विद्यापीठांत शिकलेले असतात.