एओलसला वारा मिळेना

भर दुपारी चौकात एक टेम्पो बंद पडला होता. चौघे जण घामाघूम होऊन तो ढकलत होते. काचेवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘पवनपुत्र’. वाहनांवरची नावं वाचायची मला जुनी खोड आहे. एसटीच्या खिडकीतून ट्रकांची नावं मोठ्याने वाचायचो आणि बाबा डोळे वटारायचे. हल्ली जुन्या जहाजांची वाचतो, तिथे वटारायला कोणी नाही.

ब्रिटिश आरमाराला ग्रीकांचे वायुदेव फार प्रिय. झेफिर, बोरियस, एओलस. देव लढाईत खर्ची पडला की तेच नाव पुढच्या जहाजाला. शिडाच्या जहाजाने आणखी कोणाची मर्जी राखायची म्हणा!

पण ब्रिटन-अमेरिका युद्धात, १८१२च्या जुलैत, अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश ताफा ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन फ्रिगेटच्या, म्हणजे शिडाच्या चपळ युद्धनौकेच्या, मागे लागला आणि वारा पडला. अगदी ठार. ताफ्यात ३२ तोफांचं ‘एओलस’ होतं, म्हणजे साक्षात वाऱ्यांचा राखणदार! त्याचीही शिडं लोंबत राहिली. अमेरिकन कप्तान आयझॅक हलने होड्या उतरवल्या. छोटा नांगर होडीतून पुढे नेऊन टाकायचा आणि त्याचा दोर गुंडाळत जहाज ओढून घ्यायचं, असं तासन्‌तास चाललं. शिडं भिजवली, पिण्याचं पाणीसुद्धा समुद्रात ओतलं, तेवढंच वजन कमी. मागे इंग्रजांचीही वल्ही चालूच. दोन दिवसांहून जास्त हा पाठलाग, गोगलगाईच्या चालीने. शेवटी पावसाची सर आली, वारा आला, आणि हल निसटला.

लहानपणी तिन्हीसांजेला शिट्टी वाजवली की आजी म्हणायची, साप येईल घरात. शिडांच्या जहाजांवरही शिट्टीला बंदी असे, कारण तिने वादळ येतं. वारा पडला असेल तर मात्र हळूच वाजवलेली चाले. आजीच्या कायद्यात अशी सवलत नव्हती. एओलसवर त्या दिवशी किती जणांनी शिट्टी मारली असेल!

खरं तर मूळ कथेतच सगळं आलंय. ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणाऱ्या ओडिसियस या ग्रीक वीराला एओलसने वाऱ्यांची पिशवी बांधून दिली, घर दिसू लागल्यावर सोबत्यांनी ती उघडली, वादळाने सगळ्यांना परत एओलसच्या दारात आणून टाकलं. दुसऱ्यांदा त्याने हाकलून दिलं. पुढे वल्हीच.

बोरियसचं त्यातल्या त्यात बरं. १७८४ पासून तीन वर्षं तरुण नेल्सन, पुढे ट्रफाल्गर गाजवणारा इंग्रज सेनानी, या जहाजाचा कप्तान होता, वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावर १७८७ साली नेल्सनचं लग्नही त्याच काळात झालं. नंतर नेल्सन मोठा झाला आणि बोरियसला खलाशांच्या तयार कपड्यांचं गोदाम करून ठेवलं. १८०२ साली विकून टाकलं. उत्तरवाऱ्याचा देव, आणि पोटात सदरे-विजारी. तेही कोरे, म्हणजे वाळत घालायलासुद्धा वाऱ्याची गरज नाही.