तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांच्या सुजेवर चिनी औषध असते का?

हा प्रश्न साधारण तिसऱ्या-चौथ्या भेटीत येतो, पहिल्या भेटीत कधीच येत नाही. तोवर मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार आहे हे आईवडिलांना कळलेले असते, स्टिरॉइडने सूज उतरलेली असते, एका साध्या सर्दीचे निमित्त होऊन ती परत आलेली असते, आणि गोळ्यांमुळे गुबगुबीत झालेला चेहरा पाहून नातेवाईक ‘तब्येत सुधारली हो’ असे म्हणून गेलेले असतात. मग वडील खुर्ची जरा पुढे ओढतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, तुम्ही चीनमध्ये शिकलात ना? तिकडे या सुजेवर झाडपाल्याचे काही असेलच की.’

मी चीनमध्ये एम.बी.बी.एस. केले. पारंपरिक चिनी वैद्यक हा तेथे आम्हाला एक विषय होता आणि इंटर्नशिपमध्ये त्या पद्धतीच्या बालरुग्ण कक्षात मला काही आठवडे काढता आले. एवढ्या बळावर कोणी त्या शास्त्रातला वैद्य होत नाही; परंतु तेथील वैद्य सुजलेल्या मुलाकडे कसे पाहतात हे मी जवळून पाहिले आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत पाच मिनिटांत जे सांगून होत नाही, ते येथे लिहिते.

आधी सुजेविषयी. सकाळी उठल्यावर मुलाच्या पापण्या जड दिसतात, दुपारपर्यंत ओसरतात, म्हणून घरचे ती डोळ्यांची ॲलर्जी समजतात आणि आठवडाभर डोळ्यांत थेंब घातले जातात. नंतर पायांवर बोट दाबले की खळगा राहू लागतो, पोट फुगते, मुलग्यांचे अंडकोश सुजतात. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये मूत्रपिंडाच्या गाळण्यांमधून प्रथिने लघवीत वाहून जातात, रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन उतरते आणि पाणी रक्तवाहिन्या सोडून ऊतींमध्ये साचते. हा आजार बहुधा २ ते ६ वर्षांच्या मुलांना होतो, मुलींपेक्षा मुलग्यांना अधिक. सुजेचे दुसरे मोठे कारण म्हणजे घशाच्या किंवा त्वचेच्या जंतुसंसर्गानंतर येणारा मूत्रपिंडाचा दाह. त्यात लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची होते, रक्तदाब चढतो आणि बहुतेक मुले काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. बाहेरून दोन्ही मुले सारखीच सुजलेली दिसली, तरी पहिल्यावर स्टिरॉइड हाच उपाय असतो आणि दुसऱ्याला सहसा त्याची गरजही पडत नाही.

चिनी वैद्यकात या विकाराला ‘श्वेइजोंग’ म्हणजे पाण्याची सूज म्हणतात, आणि त्यामागचा विचार मला आजही देखणा वाटतो. ‘ह्वांगदी नैजिंग’ या सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या ग्रंथात पाण्याच्या विकाराचे मूळ मूत्रपिंडात आणि शेंडा फुप्फुसात आहे असे म्हटले आहे. पुढील परंपरेने त्यात प्लीहा ठळकपणे आणली. त्यांची प्लीहा म्हणजे आपण सोनोग्राफीत पाहतो तो अवयव नव्हे. पचन आणि शरीरातील पाण्याची ने-आण सांभाळणारे ते एक कार्य आहे. फुप्फुसाने पाणी खाली उतरवायचे, प्लीहेने ते वाहून न्यायचे आणि मूत्रपिंडाने त्यावर हुकूम चालवायचा, अशी ही व्यवस्था. सुजेत फुप्फुसाचा काय संबंध, असे मी विचारले तेव्हा आमच्या शिक्षकांनी टेबलावरच्या किटलीच्या झाकणाचे भोक बोटाने बंद केले आणि किटली कलती केली. तोटीतून येणारी धार थांबली. बोट काढताच ती पुन्हा सुरू झाली. वर वाट मोकळी केली की खाली लघवी सुटते, हे त्यांना सांगायचे होते, आणि या उपचाराला चिनी वैद्य किटलीचे झाकण उचलणे असेच म्हणतात.

सुमारे १,८०० वर्षांपूर्वी जांग जोंगजिंग या वैद्याने याचा थेट नियम केला : कमरेच्या खाली सूज असेल तर लघवी वाढवावी, कमरेच्या वर असेल तर घाम आणावा. त्याने सांगितलेल्या प्रकारांपैकी एक आहे ‘वारा-पाणी’, म्हणजे ताप-सर्दीच्या पाठोपाठ अचानक चेहऱ्यावर चढणारी सूज. गंमत अशी की हे नाव ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्याच दोन अक्षरांनी ‘फेंगशुई’ लिहितात. आपल्याकडे दुकानांतून हसरा बुद्ध आणि बांबू विकणारी फेंगशुई तीच. नंतर चौदाव्या शतकात जू दानशी या वैद्याने सुजेचे ‘यांग पाणी’ आणि ‘यिन पाणी’ असे दोन गट पाडले; यांग म्हणजे शरीराची उष्ण, सक्रिय बाजू आणि यिन म्हणजे थंड, शांत बाजू. यांग पाणी झपाट्याने येते, पापण्यांपासून सुरू होते, त्वचा ताणलेली असते आणि दाबलेला खळगा लगेच भरून येतो. यिन पाणी सावकाश, पायांकडून चढते आणि खळगा बराच वेळ तसाच राहतो.

आजची चिनी पाठ्यपुस्तके मूत्रपिंडाचा दाह साधारणपणे यांग पाण्यात आणि नेफ्रोटिक सिंड्रोम बहुतांशी यिन पाण्यात बसवतात. माझ्या मते येथे निरीक्षणाची कमाल आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. सूक्ष्मदर्शक नसताना, लघवीतील प्रथिने मोजता येत नसताना, घशाच्या आजारानंतरची सूज वेगळी आणि रेंगाळणारी सूज वेगळी हे या वैद्यांनी ओळखले. पण नेफ्रोटिक मुलाची सूजही पापण्यांपासूनच सुरू होते, तिलाही सर्दीचे निमित्त पुरते, आणि मग केवळ डोळ्यांनी व बोटांनी केलेली ही विभागणी नेमकी ज्या मुलात अचूक हवी असते त्याच्यातच डगमगते.

लहान मुलांपुरते बोलायचे तर छ्यान यी या वैद्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अकराव्या-बाराव्या शतकातील हा वैद्य चिनी बालरोगशास्त्राचा आद्य पुरुष मानला जातो आणि त्याच्या उपचारांचा ग्रंथ १११९ साली त्याच्या मृत्यूनंतर संकलित झाला. जुन्या आठ घटकांच्या एका मूत्रपिंडवर्धक गोळीतून त्याने दालचिनी आणि बचनागाच्या जातीचे मूळ ही दोन उष्ण द्रव्ये काढून टाकली, कारण मुलांचे शरीर मुळातच तापट, त्यात आणखी आग कशाला, असा त्याचा विचार होता. उरलेल्या सहा घटकांची गोळी ‘ल्यूवेइ दीहुआंग वान’ या नावाने आज चीनमधील कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. मला खरे आश्चर्य वाटले ते तिच्या नव्या उपयोगाचे. चिनी वैद्य प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडकडे पाश्चात्त्यांचे औषध म्हणून नाक मुरडत पाहत नाहीत. ते त्याला आपल्या चौकटीत बसवतात आणि ‘अतिशय उष्ण, यांग वाढवणारे द्रव्य’ म्हणतात. स्टिरॉइडच्या पूर्ण मात्रेवर मुलाचे गाल लाल होतात, जीभ लाल दिसते, रात्री घाम येतो, मूल चिडचिडे होते; म्हणून त्या काळात यिन पोसणारी, म्हणजे छ्यान यीच्या घराण्यातील औषधे देतात. मात्रा उतरू लागली की मूल फिकट आणि थकलेले दिसते, तेव्हा हुआंगछीसारखी बळ देणारी मुळे सुरू करतात. स्टिरॉइडचे दुष्परिणाम इतक्या बारकाईने, आठवड्यागणिक न्याहाळण्याची ही रीत मी तेथे शिकले आणि ती मला आजही उपयोगी पडते.

म्हणजेच, त्या कक्षात जे मी पाहिले ते तुमच्या कल्पनेतल्या चित्राहून वेगळे होते. सुजलेले मूल आले की नाडी आणि जीभ पाहिली जाई, तीन वर्षांखालील मुलाच्या तर्जनीवरची शीर पाहिली जाई; परंतु त्याआधी लघवी, अल्ब्युमिन आणि रक्तदाब तपासलेला असे, आणि नेफ्रोटिक मुलाला स्टिरॉइड चालू असे. काढा त्याच्या जोडीला असे, त्याच्या जागी नसे. पहिल्या वेळी सुमारे १२ आठवडे दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडने दहांतील आठ-नऊ मुलांच्या लघवीतील प्रथिने चार आठवड्यांच्या आत थांबतात, हे त्या वैद्यांना पाठ होते. काढ्यांचा पुरावा इतका भक्कम नाही. हुआंगछीवरील चाचण्या कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्याची छाननी करणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी तपासल्या, तेव्हा त्या छोट्या आणि कमकुवत आढळल्या. जपानमध्ये १९९७ साली ‘सायरेइ-तो’ या जुन्या चिनी योगाची मुलांवर नियंत्रित चाचणी झाली आणि लघवीतील प्रथिने कमी झाल्याचे दिसले. पण ती मुले आयजीए नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या निराळ्या विकाराची, आणि तीही सौम्य स्वरूपाची होती.

आता धोक्यांकडे येते, कारण चीनमधून औषधांचे पार्सल मागवणाऱ्याला ते कोणी सांगत नाही. घाम आणणाऱ्या योगांतील मुख्य वनस्पती माहुआंग. तिच्यात एफेड्रिन असते आणि ते रक्तदाब वाढवते. दाहाने सुजलेल्या ज्या मुलाला ती जुन्या नियमाप्रमाणे द्यायची, त्याचाच रक्तदाब आधी चढलेला असतो आणि तो आणखी चढला तर झटके येऊ शकतात. अनेक योगांत गानत्साओ असते, म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाची चिनी बहीण. ते जास्त किंवा दीर्घकाळ घेतले तर शरीर मीठ धरून ठेवते, पोटॅशियम उतरते आणि सूज उतरवायला घेतलेल्या औषधानेच सूज येते. जुन्या ग्रंथांत जोरदार रेचक देऊन पाणी काढण्याचे योगही आहेत. नेफ्रोटिक मुलाच्या ऊतींत पाणी असले तरी रक्तवाहिन्यांत ते अनेकदा कमीच असते. त्याला असे रेचक दिले तर रक्त गोठण्याचा किंवा रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो.

सर्वांत क्रूर गोष्ट फांगजीची. वारा-पाण्याच्या सुजेवरील एका प्रसिद्ध योगात फांगजी नावाचे मूळ असते. या नावाने दोन निराळ्या वनस्पती विकल्या जात आणि त्यांपैकी एकीत ॲरिस्टोलोकिक आम्ल हे मूत्रपिंडाला घातक विष असते. बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत नामसाधर्म्यामुळे ती चुकीची वनस्पती गेली, १९९३ साली तेथील डॉक्टरांनी पहिले रुग्ण नोंदवले, आणि पुढे सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडल्याचे आढळले. लघवी मोकळी करणाऱ्या मूथोंग या वनस्पतीच्या एका जातीतही तेच विष निघाले, आणि मूथोंग तर छ्यान यीने मुलांसाठी सांगितलेल्या एका योगातला घटक. चीनने ती जात २००३ साली आणि ती फांगजी २००४ साली वापरातून काढून टाकली. आपल्या रानातली ईश्वरीची वेल या विषारी वनस्पतींच्याच कुळातली आहे, हेही येथेच सांगून ठेवते.

व्यापारानिमित्त चीनमधील ग्वांगजौ शहरी जाणाऱ्या एका वडिलांनी पाच वर्षांच्या मुलासाठी, तिसऱ्यांदा सूज परतल्यावर, कोणा परिचिताने दिलेली गोळ्यांची डबी आणली होती. डबीवरचे मला वाचता येत होते. त्या लेइगोंगथंग या वेलीपासून केलेल्या गोळ्या होत्या. या वेलीचा अर्क प्रतिकारशक्ती दाबतो आणि नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये चीनमध्ये तो अनेक वर्षे वापरला गेला. म्हणजे ‘झाडपाल्याचे’ असूनही हे काम स्टिरॉइडच्याच जातीचे. तो यकृताला, रक्ताला आणि पुढे प्रजननक्षमतेला बाधतो, म्हणून २०१२ साली तेथील औषध नियामकांनी इशारा दिला आणि मुलांना हे औषध देण्यास मनाई झाली. आतल्या कागदावर चारच अक्षरे होती, ‘अरथोंग जिनयोंग’ : मुलांना वर्ज्य. मी त्यांचा अर्थ सांगितला तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. डबी सुदैवाने फोडलेली नव्हती, आणि त्याहून मोठे सुदैव म्हणजे ती आणल्याच्या भरात त्यांनी स्टिरॉइड बंद केले नव्हते. अनेक आठवडे चाललेले स्टिरॉइड एकाएकी थांबवले तर मुलाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून डबी, पुडी, काढा यांना माझे उत्तर ‘नको’ असेच असते. स्वयंपाकघराविषयी मात्र मी इतकी कठोर नाही. कोहळ्याची साल चिनी लोक सुजेवर उकळून देतात, लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या एका कडधान्याचे सूप देतात, मक्याच्या कणसाच्या केसांचा चहा देतात. सुजेत मीठ वर्ज्य हा नियमही त्यांच्याकडे जुनाच आहे. ‘मग आमच्या घेटुळीच्या भाजीत काय वाईट?’ असे एक आजी मला म्हणाल्या, आणि त्यांचे खरेच होते, कारण आपली पुनर्नवा, म्हणजे हीच घेटुळी, शोथावर म्हणजे सुजेवर सांगितली आहे ती याच भावनेने. मुलाला कोहळ्याचे पातळ सूप आवडत असेल तर द्यावे. ते त्या दिवसाच्या ठरवून दिलेल्या पाण्यात मोजावे, आणि रोज सकाळची लघवी पट्टीने तपासून वहीत लिहिणे चुकवू नये. पातेल्यात मीठ घातलेले नाही ना, एवढे मात्र मी आजींना दोनदा विचारते, कारण दुसऱ्यांदा विचारल्यावर बहुतेक वेळा उत्तर बदलते.