कोर्लईला जाताय? आधी रेवदंडा बघा

काशीदला निघालेल्या गाड्या वाटेत कोर्लई गावात वळतात, दीपगृहापाशी फोटो काढतात आणि तासाभरात पुन्हा मुरुडच्या रस्त्याला लागतात. ज्यांना फक्त समुद्र बघायचा आहे त्यांना तेवढं पुरतं. पण या गावाचा इतिहास खाडीपलीकडे सुरू होतो, म्हणून यंदा आम्ही आधी रेवदंडा आणि मग कोर्लई असा क्रम ठेवला. जाणाऱ्यांनी हाच क्रम ठेवावा असं माझं मत आहे.

आधी भूगोल. कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर रेवदंडा आणि दक्षिण काठावर कोर्लई. कोर्लईच्या डोंगराची सोंड उत्तरेकडे थेट पाण्यात शिरली आहे. तिच्या माथ्यावर किल्ला, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी आणि पायथ्याच्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. डोंगर ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात खाडीचं तोंड, आणि खाडीच्या आत चौलचं बंदर. इथल्या सगळ्या मारामाऱ्यांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या एसटीनं रेवदंड्याला उतरलो. अंतर १७-१८ किलोमीटर. रस्ता पोर्तुगीजांनी बांधलेल्या तटातूनच आत शिरतो. निजामशाहीच्या परवानगीनं १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी इथे पाय रोवले आणि पुढे तटबंदीच्या आत अख्खं शहर उभं केलं. पोर्तुगीजांचं चौल म्हणतात ते हेच. आज त्या शहराच्या जागी नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वाडीत शिंपणं चाललेलं असतं आणि मागे एखाद्या चर्चची भिंत उभी दिसते. सातखणी मनोरा जरूर शोधा. नाव सातखणी असलं तरी वरचे मजले केव्हाच ढासळलेत. जवळ गेलात तर खाली फार वेळ उभे राहू नका, दगड सुटलेले आहेत. पडक्या वास्तूंकडे जाणारे बरेच रस्ते खाजगी वाड्यांतून जातात. फाटकाशी हाक मारून विचारलं की सहसा कुणी अडवत नाही, न विचारता घुसलात तर मात्र बोलणी खावी लागतील आणि ती रास्तच असतील.

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात अफानासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. वास्को द गामाच्याही आधी, पंधराव्या शतकात, तो चौलला उतरला होता. विकायला घोडा घेऊन आला आणि जुन्नरला तिथल्या सुभेदारानं तो घोडाच काढून घेतला. स्मारक पाच मिनिटांत बघून होतं, पण चौलचं बंदर किती लांबवर ओळखीचं होतं ते तिथे कळतं.

खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला की कोर्लई जवळच. १९८० च्या दशकात पूल होईपर्यंत इथे होडीशिवाय गत्यंतर नव्हतं, हे ध्यानात ठेवून गावात शिरा. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली घराघरांत बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास, कदाचित कमीच. ते स्वतः तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली बोली, म्हणतात. अभ्यासक तिला कोर्लई क्रिओल म्हणतात. शब्द बहुतांश पोर्तुगीज, पण वाक्याची बैठक मराठीच्या वळणावर गेलेली, क्रियापद शेवटी. शेजारच्या आळीत कोळी आणि इतर मराठी बोलणारी माणसं पिढ्यानपिढ्या राहिल्यावर दुसरं काय होणार!

ही बोली इथेच का टिकली? पोर्तुगीजांचं वसई चौलपेक्षा कितीतरी मोठं ठाणं, पण तिथले ख्रिस्ती आज सामवेदी नाहीतर वाडवळी या तिथल्या बोली बोलतात. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले तेव्हा ज्यांना जमलं ते पोर्तुगीज गोव्याकडे निघून गेले. मागे राहिले ते गरीब: शिपाईगडी, नोकरचाकर, धर्म बदललेले स्थानिक. ते खाडीच्या या बाजूला एकवटले. सोयरीक आपसात, देऊळ म्हणजे चर्च, पाठीशी डोंगर आणि तिन्ही अंगांनी पाणी. राज्य गेल्यावर पावणेतीनशेहून अधिक वर्षं भाषा या बेचक्यात तगून राहिली. मला किल्ल्यापेक्षा याचंच नवल जास्त वाटतं.

एका ओसरीवर आजी बोंबील निवडत होत्या. त्यांनीच “कुठून आलात?” असं स्वच्छ मराठीत विचारलं. पाणी दिलं. मी बोलीचा विषय काढला तसं हसून म्हणाल्या, “घरात आमची, शाळेत तुमची.” नातू आता घरातही मराठी बोलतात, मध्येच इंग्रजी, हेही त्यांनीच सांगितलं. मग आतल्या कुणाला तरी त्यांनी भराभर काही सांगितलं, त्यातला एक शब्दही मला कळला नाही. एक विनंती: मोबाइल पुढे धरून “जरा तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा ना” असं कुणाला म्हणू नका. निवांत बसलात तर बोली आपसूक कानावर पडते. माउंट कार्मेल चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा बाहेरच ठेवा.

किल्ल्यावर उन्हं चढायच्या आत जा. गावातून समुद्राच्या कडेनं दीपगृहाकडे जाणारा रस्ता इतका अरुंद आहे की समोरून गाडी आली तर दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं. गाडी गावाबाहेरच लावा आणि चाला. वाटेत मासळी वाळत घातलेली असते, तिच्यावर पाय पडू देऊ नका. वास येणारच, त्याला नाक मुरडू नका. दीपगृहामागून पायऱ्यांनी वर चढायला अर्धा तासही लागत नाही. वर सावली जवळपास नाही. टाक्यात पाणी आहे, पण प्यायचं पाणी खालूनच न्या.

किल्ला लांबट आणि अरुंद आहे, डोंगराच्या कण्यावर ताणून बसवल्यासारखा. दरवाज्यामागून दरवाजे लागतात. छप्पर उडालेलं चर्च, पोर्तुगीज शिलालेख, इकडेतिकडे पडलेल्या तोफा आणि त्यातच एक लहानसं महादेवाचं देऊळ. मूळ ठाणं निजामशाहीचं. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ते घेतलं. दारात हत्ती पडल्यामुळे निजामशाही सैन्याला दरवाजा लावता आला नाही, अशी हकिकत सांगतात. एवढा मोठा किल्ला राखायला माणसं नव्हती म्हणून पोर्तुगीजांनी त्याचा बराच भाग स्वतःच पाडला. बुरुजांना त्यांनी संतांची नावं दिली होती. मराठ्यांनी ती बदलून एकाला थेट गणेश बुरूज केलं.

घाई असली तरी उत्तर टोकापर्यंत जाच. बहुतेक लोक चर्चपाशी फोटो काढून फिरतात आणि खरी जागा चुकवतात. इथून खाडीचं तोंड, पलीकडचा रेवदंड्याचा तट आणि आतला साळावचा कारखाना एकाच नजरेत येतात. १५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आणि गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार मलिक अयाझ याचं आरमार पोर्तुगीजांवर चालून आलं आणि त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा मारला गेला. बापानं पुढच्याच वर्षी दीवला सूड घेतला.

जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, आणि पाऊस संपता संपता गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, पायाखालचं दिसत नाही. मुंबईहून येणाऱ्यांना गेटवेहून मांडव्याची लाँच सोयीची, ती पावसाळ्यात बंद असते. गाडी सोबत न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी रो-रो बोट आहे. दीपगृह आतून बघायचं असेल तर वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर अलिबागच्या रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या वेण्या मिळतात. त्या परतताना घ्या, दिवसभर गाडीत कोंडून ठेवू नका. गावात हॉटेलांची रेलचेल नाही, जेवण रेवदंड्यात उरका किंवा गावात आल्या आल्या कुणाकडे तरी सांगून ठेवा. आणि एसटीनं येणार असाल तर अलिबागकडे परतणारी शेवटची गाडी किती वाजता, हे उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या.