काळा म्हणजे लाल

माझ्या कपाटातली चहाच्या डब्यांची रांग बघितली की पाचेक मिनिटांत तो प्रश्न येतोच. "हिरवा, काळा, पांढरा, पिवळा... या सगळ्यांची झाडं वेगवेगळी असतात का हो?"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नाही, झाड एकच. कॅमेलिया सायनेन्सिस. त्यात चीनकडचं बारीक पानाचं आणि आसामकडचं रुंद पानाचं असे दोन प्रकार आहेत, वाण तर कितीतरी. पण ही वाटणी रंगाप्रमाणे झालेली नाही. आणि विचारलंत म्हणून ओशाळू नका. वनस्पतींना नावं देणारा खुद्द लिनियस इथे फसला होता. १७६२ साली त्यानं हिरव्या चहाची एक आणि काळ्या चहाची दुसरी अशा दोन जाती नोंदवून ठेवल्या. पुढे १८४३ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ चीनला गेला आणि तिथे एकाच जातीच्या झाडापासून दोन्ही चहा होताना त्यानं बघितले. नंतरच्या एका फेरीत त्याला आणखी एक गंमत दिसली. परदेशी गिऱ्हाइकाला चहा हिरवागार दिसावा म्हणून कामगार त्यात निळा रंग आणि जिप्सम मिसळत होते, आणि त्यांचे हातही निळे झाले होते. रंगाला भुलणारे आपण काही पहिले नाही.

मग रंग येतो कुठून? चिरलेलं वांगं उघडं राहिलं की काळं पडतं, तिथूनच. पान खुडलं, चुरगळलं, की त्याच्या पेशी फुटतात, आतलं एन्झाइम आणि कॅटेचिन नावाची द्रव्यं एकत्र येतात, आणि हवेतला ऑक्सिजन लागून त्यांची आधी सोनेरी-नारिंगी, मग लालसर-तपकिरी द्रव्यं होतात. हे कुठे थांबवायचं, एवढाच कारागिराचा निर्णय. खुडल्यावर लगेच आच दिली तर एन्झाइम मरतं आणि पान हिरवं राहतं. चीनमध्ये ही आच बहुतेक कढईत देतात, जपानमध्ये वाफेवर. म्हणून चीनच्या लाँगजिंग या हिरव्या चहाला भाजल्याचा खमंगपणा असतो आणि जपानच्या सेंचाला ओल्या गवताचा वास. थांबवलंच नाही, तर काळा चहा. अर्ध्यावर कुठेतरी थांबवलं, तर ऊलाँग. जुन्या पद्धतीच्या ऊलाँगचं पान भिजून उलगडलं की कडा लालसर आणि मध्ये हिरवं दिसतं. चहातलं मला सगळ्यात आवडणारं दृश्य हे, पिण्याआधीचं.

इथवर सोपं आहे. खरा गोंधळ नावांचा.

आपण ज्याला काळा चहा म्हणतो, त्याला चिनी माणूस होंगचा म्हणतो, म्हणजे लाल चहा. जपानीतही तो लालच. आपलं लक्ष सुक्या पत्तीकडे, त्यांचं पेल्यातल्या पाण्याकडे. (मराठीनं तर रंगाचा नादच सोडला. आपण 'कोरा' म्हणतो, म्हणजे दूध नाही एवढंच सांगतो.) बरं, चिनी भाषेत 'काळा चहा' असाही शब्द आहे, हेइचा. पण तो भलताच चहा. मला हे ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. फोनला 'काळा चहा' शब्दशः चिनीत करायला सांगितलं, त्या शब्दानं चहा मागवला, आणि घरी आली एक वीट. दाबून दगडासारखी केलेली, जुन्या लाकडाच्या वासाची. एक कोपरा फोडला तर आत पिवळे ठिपके. बुरशी लागलीय म्हणून मी तावातावानं तक्रार केली. विकणाऱ्यानं शांतपणे कळवलं की तुम्ही हेइचा मागितलात, आम्ही हेइचा पाठवला, आणि ते ठिपके जितके जास्त तितका माल चांगला.

त्याचं खरं होतं. ती बुरशीच होती, पण मुद्दाम वाढवलेली. तिला ते 'सोनेरी फुलं' म्हणतात. हेइचा हा खऱ्या अर्थानं आंबवलेला चहा, सूक्ष्मजीवांनी घडवलेला. आपल्या काळ्या चहालाही 'फर्मेंटेड' म्हणायची सवय आहे, पण त्यात सूक्ष्मजीवांचं काही काम नसतं. चीनच्या युन्नान प्रांतातला पुएर चहा याच हेइचाच्या गोतावळ्यातला. तो वर्षानुवर्षं मुरवायचा चहा. १९७३ च्या सुमारास तिथल्याच कुनमिंग शहरातल्या कारखान्यात ओले ढीग झाकून तेच काम काही आठवड्यांत उरकायची रीत बसवली गेली.

बाकीची नावंही अशीच हुलकावणी देणारी. पांढरा चहा पेल्यात फिक्कट पिवळा असतो. पांढरी असते ती कोवळ्या कळीवरची लव. पिवळ्या चहाचं नाव मात्र कृतीवरून आलं: आच दिलेली दमट पानं गुंडाळून अढी घातल्यासारखी ठेवायची, ती हळूहळू पिवळी पडतात. खटाटोप मोठा आणि जाणकार थोडे, म्हणून हा चहा क्वचितच दिसतो. ऊलाँगला चिनी वर्गवारीत 'चिंग' म्हणतात, आणि त्या एका शब्दात हिरवं-निळं दोन्ही येतं. इथे मी भाषांतर सोडून देते.

गुलाबी चहा असतो का, असंही कुणी विचारतं. असतो, काश्मीरचा नून चाय. हिरवी पत्ती सोडा घालून खूप वेळ उकळायची, थंड पाणी ओतत वरखाली करत हवा खेळवायची. अर्क गडद लाल होतो, आणि दूध पडलं की गुलाबी. रसायनशास्त्राचा याहून चवदार प्रयोग मला माहीत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा रुईबोस मात्र या झाडाचा कुणीच लागत नाही. त्याचं झुडूप वेगळं, त्यात कॅफीन नाही. पण तोही कुटून हवेवर ठेवला की लाल होतो, आणि इंग्रजीत 'लाल चहा' म्हटलं तर बऱ्याचदा तोच हाती पडतो, चिनी लाल नव्हे. लाल अंबाडीच्या बोंडांचा आंबट लाल काढाही चहा नव्हे. गोकर्णाच्या फुलांचा निळाही नव्हे. त्यात लिंबू पिळलं की तो जांभळा होतो, आणि पाहुणे हरखून जातात. चहा नाही हे मी सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. लिंबाची करामत खऱ्या चहातही दिसते म्हणा. कोऱ्या चहात चार थेंब टाका, रंग लगेच उतरतो.

ती वीट मी परत केली नाही. अजून निम्मी शिल्लक आहे. फोडायला सुरी लागते आणि उकळली तरी कडू होत नाही. तुम्हाला देते त्यातला, पण आधी त्याचा रंग कुठला ते तुम्ही सांगायचं.