1023 वर अडकलेलं शून्य

सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) लावून 50 हर्ट्झच्या लाइनचा करंट मोजायचा होता. 12 बिटांच्या एडीसीला (व्होल्टेजचं आकड्यात, म्हणजे काउंटमध्ये रूपांतर करणारा भाग) ऋण व्होल्टेज चालत नाही, म्हणून दोन सारख्या रेझिस्टरांनी सिग्नल 1.65 व्होल्टवर, म्हणजे 2048 काउंटवर उचलला. कोडमध्ये सरळ 2048 वजा करून भागत नाही. 1 टक्क्याचे रेझिस्टर असले तरी मधला बिंदू 20 काउंटांनी सरकू शकतो, आणि आरएमएस (एसी करंटचं परिणामी मूल्य) काढताना तो डीसी करंट म्हणूनच मोजला जातो.

म्हणून डीसी ब्लॉकर, म्हणजे सिग्नलमधला स्थिर भाग काढून टाकणारा फिल्टर घातला: आत्ताच्या सॅम्पलमधून मागचं वजा करायचं आणि त्यात मागच्या आउटपुटचा 1023/1024 भाग मिळवायचा. सेकंदाला 4000 सॅम्पल असतील तर कटऑफ (ज्याच्या खालचं सगळं फिल्टर दाबतो ती वारंवारता) 0.62 हर्ट्झ येतो. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते पुढे. गुणाकार वाचवायला आउटपुटमधून तेच आउटपुट 10 बिट उजवीकडे सरकवून वजा केलं. लोड नाही, तरी आकडा 1023! 300 काउंट शिखराचा लोड लावून काढला, तर 723 च्या आसपास. कॅलिब्रेशन हलतंय असंच वाटतं, आणि माणूस उगाच सीटी, वायरिंग, सप्लाय तपासत बसतो. हार्डवेअरचा यात काहीही दोष नाही. 0 ते 1023 मधली कुठलीही संख्या 10 बिट सरकवली की उत्तर शून्य. वजा करायला काही उरतच नाही, आणि आउटपुट जिथल्या तिथे बसून राहतं. जो ऑफसेट काढायचा, तो फिल्टरच तयार करतो. सूत्र सगळीकडे सापडतं, हा इशारा मात्र क्वचितच, याचा राग अजून गेलेला नाही.

उपाय दोन ओळींचा आहे. आउटपुट 65536 पट करून 32 बिटांच्या चिन्हांकित व्हेरिएबलमध्ये साठवा. दोन सॅम्पलमधला फरकही 65536 ने गुणूनच मिळवा. सीमध्ये ऋण संख्या डावीकडे सरकवू नका. वाचताना 16 बिट उजवीकडे. आता अडकलं तरी 1/64 काउंटच्या आत.

हो, सुरुवातीला ‘मागचं सॅम्पल’ शून्य ठेवू नका, पहिलं वाचनच त्यात भरा. नाहीतर 2048 चा धक्का विरायला दोन सेकंद जातात.

पॉवर मोजत असाल तर व्होल्टेजलाही हाच फिल्टर लावा. 50 हर्ट्झला तो 0.7 अंश फेज पुढे ढकलतो. दोन्हीकडे सारखाच असला की फरक उरत नाही.

आणि शिखरं एका बाजूने कापली जात असतील तर आधी बर्डन रेझिस्टर (सीटीच्या करंटचं व्होल्टेज करणारा) कमी करा. कापलेली लाट फिल्टर परत आणत नाही.