तुम्ही विचारलंत म्हणून: पटकथा पैसे देऊन वाचून घ्यावी का?

"ताई, एक विचारायचं होतं." अशी सुरुवात झाली की पुढचं मला पाठ आहे. विचारणारा एकांकिका स्पर्धा गाजवून आलेला मुलगा असतो, नाहीतर नोकरी सांभाळून रात्री लिहिणारी कुणीतरी. पहिली पटकथा हातावेगळी झालेली असते, दोघातिघा मित्रांनी "भारी झालीय" म्हणून सांगितलेलं असतं, आणि पैसे घेऊन पटकथा वाचणारी, लेखी अभिप्राय देणारी एखादी सेवा सापडलेली असते. इथली असेल तर चार-आठ हजार, परदेशातली असेल तर शंभर-दीडशे डॉलर. द्यावेत का?

इतकी वर्षं मी दोन वाक्यांत उत्तर देत आले. मन थाऱ्यावर असेल तर "देऊन बघ", नसेल तर "त्या पैशांत गावी जाऊन ये". दोन्ही वेळा मी प्रश्न टाळत होते. आता एकदा सगळं लिहून काढते. यापुढे कुणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

मी पहिल्यांदा पैसे भरले २०१६ साली. मुंबईत येऊन दोन वर्षं झाली होती, एका मालिकेच्या संवादलेखकाच्या हाताखाली होते, दहिसरला तिघींत एक खोली होती. रात्री मी माझी पटकथा लिहायचे. ती इचलकरंजीची होती, कारण मी तिथली. आमच्या गल्लीत दिवसरात्र यंत्रमाग चालायचे. मागाच्या खोलीत शिरलं की शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. माझी नायिका मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरणारी बाई. तिची मुलगी शिकायला बाहेर पडते आणि तिथे तिच्या लक्षात येतं की आपली आई घरीसुद्धा हातांनीच बोलते. निम्मी पटकथा खुणांची होती.

ती अमेरिकेतल्या एका सेवेकडे पाठवायची म्हणजे इंग्रजीत करायला हवी. सहा आठवडे लागले. कांडीचं बॉबिन केलं, जॉबरचा फोरमन केला, खर्चीचा ॲडव्हान्स केला, मालकाच्या शिव्यांना काहीच सापडेना म्हणून त्या काढून टाकल्या. एकशेचाळीस डॉलर, म्हणजे तेव्हाचे साडेनऊ हजारांच्या आसपास. माझ्या वाट्याचं भाडं होतं चार हजार. कार्ड खोलीतल्या मैत्रिणीचं, तिला तीन हप्त्यांत फेडलं.

तीन आठवड्यांनी, संध्याकाळी, दहिसर स्टेशनबाहेर बसच्या रांगेत असताना मेल आला. पहिल्याच पानावर एक चौकट होती. नाव, प्रकार, पानं ११२, आणि त्याखाली ठळक अक्षरांत एकच शब्द. पास.

मी नगरपालिकेच्या मराठी शाळेतली मुलगी. पास म्हणजे पास. पुढची पानं उघडायच्या आधी मी आबांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. आबा जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. फोन आला की त्यांना खोलीबाहेर रस्त्यावर यावं लागायचं. मी म्हटलं, "आबा, आपली पटकथा अमेरिकेत पास झाली." ते काही बोलले नाहीत. मग "थांब" म्हणाले आणि फोन चालूच ठेवून आत गेले. माझ्या कानात मागांचा खडखडाट भरला. आत त्यांनी काय केलं ते मला नंतर त्यांच्या सोबत्याने सांगितलं. आबांनी दोन्ही हातांनी हवेत एक मोठा चौकोन काढला, पडदा, मग माझी उंची दाखवतात तसा हात छातीपाशी धरला, आणि अंगठा वर केला. तीन मागवाले धोटा थांबवून त्यांच्याकडे बघायला लागले. चालू माग कुणी उगाच थांबवत नाही, मीटरवर मजुरी असते.

बस आली, खिडकीजवळ जागा मिळाली आणि मी पुढचं वाचायला घेतलं. नायिका निष्क्रिय आहे. संवाद फार कमी. कथा सुरू व्हायला एकतीस पानं लागतात, ती बारा-पंधराव्या पानापर्यंत सुरू व्हायला हवी. मला कळेना की पास केलंय तर असं का लिहिलंय. शेवटच्या पानावर खुलासा होता. तिकडे तीन शिक्के असतात: रेकमेंड, कन्सिडर आणि पास. पास म्हणजे आम्हाला नको. रविवारी पत्ते खेळताना हातात काही नसलं की आबा "पास" म्हणायचे, तोच हा पास.

मी बसमधून परत फोन लावला. आबा म्हणाले, "पेढे आणायला पोरगं धाडलंय, दोन किलो." मी "बरं" म्हटलं.

आजपर्यंत त्यांना खरं सांगितलेलं नाही. अजूनही गावी गेले की एकदा तरी विचारतात, "ते अमेरिकेत पास झालेलं कुठवर आलं गं?" मी म्हणते, चाललंय. हे लिहितानासुद्धा दोनदा वाटलं की आधी फोन करून सांगावं, मग लिहावं. केला नाही.

त्यानंतरचे सात महिने मी त्या अहवालातला शब्द न् शब्द पाळला. आईला बोलकं केलं. मजुरीच्या संपात तिला दोन पानांचं भाषण दिलं. एकतीसावं पान बाराव्यावर आणलं. अंधेरीत एका निर्मात्याला नॅरेशन दिलं, म्हणजे समोर बसून सगळी पटकथा सांगितली. ते बराच वेळ फोनमध्ये होते, भाषण आलं तेव्हा मात्र वर बघून ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "आईचं भाषण छान आहे, एकदम मालिकेसारखं." मी दिवसभर जे लिहून पोट भरत होते तेच रात्रीही लिहून बसले होते. तेव्हापासून जो विचारेल त्याला मी सांगत सुटले, त्या लोकांना आपलं काही कळत नाही, साडेनऊ हजार पाण्यात गेले.

आता हे मला इतकं सरळ म्हणता येत नाही, आणि त्याला कारण आहे. २०२०च्या मार्चमध्ये शूटिंग बंद पडलं. मालिका नाही तर संवाद नाहीत, संवाद नाहीत तर पैसे नाहीत. तेव्हा मुंबईतल्याच अशा एका सेवेसाठी मी पटकथा वाचायला लागले. एका पटकथेचे बाराशे रुपये. चार महिन्यांत साठेक वाचल्या. एकशेदहा पानं नीट वाचायला दोन तास, अहवाल लिहायला दोन तास. आठवड्याला तीन-चार केल्या तरच घरभाडं निघायचं. तिसऱ्या आठवड्यापासून माझा हात आपोआप लिहायला लागला: नायक निष्क्रिय आहे, दुसऱ्या अंकात वेग मंदावतो. नांदेडकडच्या एका मुलाची पटकथा होती, टँकरच्या ड्रायव्हरची. सत्तराव्या पानानंतर मी फक्त प्रसंगांचे मथळे वाचले आणि अहवालात शेवटाबद्दल चार ओळी लिहिल्या. त्याचं आभाराचं पत्र आलं. त्याच्यासाठी ते पैसे किती होते ते मला पुरतं माहीत होतं, तरी मी ते केलं.

त्या कामात एक गोष्ट कळली, ती विचारणाऱ्या प्रत्येकाने आधी समजून घ्यावी. हा अहवाल लेखकासाठी जन्मलेलाच नाही. हॉलिवूडच्या स्टुडिओंत पटकथांचे ढीग यायचे, साहेबांना सगळ्या वाचणं शक्य नव्हतं, म्हणून पगारी वाचक ठेवले. वाचकाने वाचायचं, कथा दोन पानांत सांगायची, चौकटीत खुणा करायच्या आणि साहेबाला सांगायचं, वाचा किंवा सोडा. याला ते कव्हरेज म्हणतात. विकत घेणाऱ्याचा वेळ वाचवायचं ते साधन होतं, तेच पुढे लेखकाला विकायला लागले. म्हणून त्यात काय नको ते स्पष्ट असतं आणि पुढे काय करायचं ते धूसर असतं. लिहिणारा दुष्ट असतो असं नाही, त्या कागदाची घडणच तशी आहे.

तिकडे निदान त्या कागदाला पुढे वाट आहे. हॉलिवूडमध्येच काम करणाऱ्या फ्रँकलिन लेनर्डने २००५मध्ये तिथल्या लोकांना विचारून, आवडलेल्या पण न बनलेल्या पटकथांची यादी केली, ती ब्लॅक लिस्ट. २०१२पासून त्याच नावाने पैसे देऊन मूल्यमापन मिळतं, दहापैकी गुण मिळतात, आणि गुण चांगले पडले तर पटकथा वाचणाऱ्यांच्या नजरेत येते. कारण तिथे वाचणारे आहेत. आपल्याकडे पटकथा ऐकतात. अंधेरीत आजवर एकाही निर्मात्याने मला विचारलेलं नाही की तुमच्या पटकथेला गुण किती पडले. समोर बसा, सांगा, दोन तास आहेत. तेव्हा अहवालामुळे दार उघडेल म्हणून पैसे भरणार असाल तर भरू नका. निर्मात्यांपर्यंत पोचवतो असं कुणी सांगत असेल तर मुळीच नको. हे मी ठामपणे सांगते, बाकी कशाबद्दलही मी इतकी ठाम नाही.

आणि पाठवायच्या आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे पटकथालेखकांच्या संघटनेत, पटकथेची नोंदणी करा. कुणी चोरेल या भीतीने झुरणारे खूप भेटतात, नोंदणी केलेले कमी.

आता त्या साडेनऊ हजारांचं. टाळेबंदीत इतरांच्या पटकथांवर अहवाल लिहिता लिहिता एका रात्री मी माझा २०१६चा अहवाल पुन्हा काढला. पहिल्यांदा वाचला होता तो रडत, दुसऱ्यांदा हुकूम म्हणून. या वेळी वाचकाच्या डोळ्यांनी वाचला. निष्क्रिय नायिका वगैरे मजकूर मीही डुलक्या घेत लिहू शकले असते. पण तिसऱ्या पानावर, मध्येच, एक वाक्य होतं: अठ्ठावन्नाव्या पानानंतर आई बावीस पानं दिसत नाही, आणि मुलीला तिची एकदाही आठवण येत नाही. मी पान काढून बघितलं. खरं होतं. मुलगी पुण्याला जाते आणि आई कथेतून नाहीशी होते, मला ते लिहितानाही कळलं नव्हतं आणि सात महिने दुरुस्त्या करतानाही. त्या दोन वर्षांत मी स्वतः घरी एकदाच गेले होते.

ज्या कुणी ते वाक्य लिहिलं त्याने शेवटपर्यंत वाचलं होतं. इचलकरंजी कुठे आहे हेही ठाऊक नसताना बावीस पानं मोजली होती. मी त्या टँकरवाल्यासाठी तेवढंही केलं नाही. मग त्या सेवेला मी चार वर्षं शिव्या घातल्या त्या कशाच्या जोरावर? पण हेही खरं की ते वाक्य जिथे होतं तिथे पोचायला मला चार वर्षं लागली आणि मधल्या काळात त्याच कागदाने माझी पटकथा मोडली. हे दोन्ही एकत्र मांडून हिशेब जुळवायचा मी अनेकदा प्रयत्न केला. जुळत नाही.

माझी पटकथा खऱ्या अर्थाने वाचली गेली ती नंतर, २०२२मध्ये, एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये. नाटकवाले करतात तसं वाचन ठेवलं. नवं नाटक आधी दहा माणसांत बसून वाचायचं, ही आपल्याकडची जुनी रीत, पटकथेसाठी आपण ती का सोडली ते मला कळत नाही. भाषण काढून टाकलं होतं, खुणा परत आणल्या होत्या, अठ्ठावन्नाव्या पानानंतर आई होती. फुकट वाचन होतं असं मात्र म्हणू नका. पोहे, चहा, अकरा माणसांची संध्याकाळ, आणि पुढे त्यांच्याही संहिता ऐकायला जाणं आलं. कुठे लोक खुर्चीत हलतात, कुठे एखादी बाई कप खाली ठेवायची थांबते, ते कुठल्याच अहवालात येत नाही. पण तिथेही बावीस पानं कुणी मोजून सांगितली नसती. माझी माणसं होती ती, मला जपत होती.

म्हणून द्यावेत का, याचं माझं आजचं उत्तर असं: कोण वाचणार त्याचं नाव कळत असेल, त्याला तुमची भाषा येत असेल, वाचून झाल्यावर त्याच्याशी तासभर बोलता येणार असेल, आणि ते पैसे उसने घेतलेले नसतील, तर द्या. पण मी ज्यांना दिले त्यांच्यात यातलं एकही नव्हतं, आणि ते वाक्य तरीही तिथेच मिळालं. उद्या तुम्ही हेच मला ऐकवलंत तर माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या महिन्यात नव्या पटकथेसाठी मी सहा हजार भरले. एका बाईंना, मराठी वाचणाऱ्या, पूर्वी संकलन करायच्या. पंधरा दिवसांत कळवते म्हणाल्यात. आज अकरावा दिवस. गावी कुणाला सांगितलेलं नाही.